चहा, कॅफीन आणि मेंदूची सूज : अतिउंचीवरील वैद्यकाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक :

खंडाळा हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. घाटाच्या अलीकडे-पलीकडे चहासाठी थांबणारा प्रवासी आणि सुटी संपवून पलटणीकडे परतणारा जवान ही दोन्ही दृश्ये येथे नेहमीची आहेत. सातारा-सांगली परिसराला सैनिकी परंपरा आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. येथील तरुण लडाखसारख्या उंच प्रदेशात जातो, तेव्हा चहाची सवय त्याच्याबरोबर जातेच. तेथे चहा त्याला तारक ठरतो की मारक, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने कसे शोधले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चहाविषयीची साशंकता :

फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1819 मध्ये कॉफीच्या दाण्यांतून कॅफीन वेगळे केले. चहातील ‘थेइन’ 1827 मध्ये सापडले. ते आणि कॅफीन हे एकच द्रव्य असल्याचे 1838 मध्ये स्पष्ट झाले. आपल्याकडे चहावरील आक्षेप आरोग्याइतकाच नीतीचाही होता. पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये 1942 साली स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे लेखन केले, त्यात चहा, कॉफी व कोको अनावश्यक ठरविले. चहा शरीरातील पाणी काढतो, म्हणून उंचीवर तो वर्ज्य, हा गिर्यारोहकांमध्ये रूढ झालेला सल्ला अशाच साशंकतेवर पोसला गेला.

1962 नंतरचे संशोधन :

1962 च्या चीन युद्धात सपाटीवरील सैनिकांना अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर जावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देवराष्ट्रे (जि. सांगली) येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. उंचीवरील आजार हा आता राष्ट्रीय संरक्षणाचा प्रश्न बनला होता. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 11,000 ते 18,000 फूट उंचीवर आजारी पडलेल्या 1,925 भारतीय सैनिकांचा अभ्यास करून तो 1969 मध्ये अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. काही रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवाचा दाब वाढलेला आढळला आणि उंचीवरील डोकेदुखी, ओकारी व ग्लानी यांचे मूळ मेंदूच्या सुजेत असू शकते, हे ठळकपणे पुढे आले. पुढे 1998 मध्ये अशा गंभीर सुजेच्या 9 रुग्णांची चुंबकीय प्रतिमा-तपासणी झाली. त्यांपैकी 7 जणांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात सूज दिसली.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. 1969 च्या अभ्यासात फ्युरोसेमाइड या तीव्र मूत्रल औषधाचा पुरस्कार केला होता. म्हणजे जो गुण औषधात उपचार मानला गेला, तोच चहात दोष ठरला. औषधाचा तो वापर पुढे मागे पडला. चहाविषयीचा सल्ला मात्र टिकून राहिला.

कॅफीनचे कार्य आणि पुरावा :

प्राणवायू कमी झाला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तप्रवाह वाढतो. वाहिन्यांतून द्रव झिरपल्यास सूज येते. रक्तवाहिन्या रुंदावण्यात अ‍ॅडेनोसिन या द्रव्याचा वाटा असतो. कॅफीन त्याच्या ग्राहींना अडवते, हे 1970 पासून स्पष्ट होत गेले. त्यामुळे मेंदूचा रक्तप्रवाह घटतो व श्वसनाला चालना मिळते. या आधारावर कॅफीन अपायकारक नसून कदाचित उपयुक्तच ठरावे, असा तर्क करता येतो. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा दोन बाजूंनी आला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एव्हरेस्टच्या तळछावणीवर, 5,345 मीटर उंचीवर, 13 जणांची पाहणी झाली. चहामुळे शरीरातील पाणी घटल्याचे आढळले नाही. 2008 मधील एका प्रयोगात डोक्याला इजा करण्यापूर्वी तीन आठवडे कॅफीन दिलेल्या उंदरांच्या मेंदूची सूज कमी राहिली. एकदाच दिलेल्या मात्रेचा तसा लाभ झाला नाही. 2010 मध्ये उंचीवरील वैद्यकाचे तज्ज्ञ पीटर हॅकेट यांनी उपलब्ध पुरावा तपासून कॅफीन टाळण्याच्या सल्ल्याला आधार नसल्याचे मत मांडले. तथापि उंदरांवरील आणि तेही आघाताच्या सुजेवरील निष्कर्ष उंचीवरील माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

सवय मोडण्याचा धोका :

खरा धोका अन्यत्र आहे. रोजचा चहा अचानक बंद केल्यास साधारणतः 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते, ग्लानी व मळमळही जाणवते. उंचीवरील आजाराची लक्षणेही पहिल्या दिवसातच दिसतात आणि ती जवळपास अशीच असतात. ‘चहा सुटला म्हणून डोके दुखते’ असे समजून वर चढत राहणारा जवान जिवाला मुकू शकतो. उलटपक्षी, आरोग्याच्या काळजीपोटी चहा सोडणारा स्वतःच हा गोंधळ ओढवून घेतो.

निष्कर्ष :

1) उंचीवर चहा वर्ज्य करण्याचा सल्ला पुराव्यापेक्षा जुन्या साशंकतेवर अधिक उभा होता.

2) कॅफीन हे मेंदूच्या सुजेवरील औषध नव्हे. तातडीने खाली उतरणे, प्राणवायू व डेक्सामेथासोन हेच मान्य उपचार होत.

3) उंचीवरील कोणतीही डोकेदुखी, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीचा आजार मानावी.

चहाची नेहमीची सवय उंचीवर मोडू नये आणि तिच्यावर विसंबूही नये. महाविद्यालयातील गिर्यारोहण पथके व सैन्यभरतीची तयारी करणारे विद्यार्थी यांच्यापर्यंत एवढी गोष्ट पोहोचविणे हे आपणा अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.