परदेशातून येणारा स्मार्टफोन : रंगाआधी काय पाहावे?

परमुलखात गेलेल्या माणसाने घरी येताना काहीतरी आणावे, ही आपल्याकडची जुनी रीत. एकेकाळी आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर आणि मनगटी घड्याळ असे. आता ती जागा स्मार्टफोनने घेतली आहे. दुबई, दोहा, टोकियो किंवा टेक्सासमध्ये स्थिरावलेल्या मुलामुलींची घरे आज मोहोळसारख्या तालुक्याच्या गावीही आहेत. सुटीवर निघण्यापूर्वी त्यांचा घरी फोन होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बाबा, काळा आणू की निळा?’ खरे पाहता हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. लाख-सव्वा लाख रुपयांची वस्तू घरी आल्यावर ती आपल्या सिमकार्डाशी, आपल्या शिवारातील मनोऱ्याशी आणि आपल्या भाषेशी जुळते की नाही, यावर तिची किंमत ठरते.

मोहोळकरांना हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ‘मालदांडी ३५-१’ हे रब्बी ज्वारीचे नावाजलेले वाण मोहोळच्याच कृषी संशोधन केंद्रात निवडले गेले. कोणते वाण कोणत्या जमिनीत येते, याचा विचार येथे पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे. भ्रमणध्वनी संचाचेही तसेच आहे. खोक्यावरचे नाव सगळीकडे एकच असले, तरी कंपन्या देशोदेशीसाठी त्याच नावाखाली वेगवेगळे संच बनवतात. फरक कळतो तो मॉडेल क्रमांकावरून. आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मधील क्रमांकाच्या शेवटी ‘एचएन’ असल्यास तो भारतासाठी, ‘एलएल’ असल्यास अमेरिकेसाठी, ‘जे’ असल्यास जपानसाठी आणि ‘बी’ असल्यास ब्रिटनसाठी बनलेला असतो. त्याच क्रमांकाचे पहिले अक्षर ‘एम’ असेल तर संच नवा, ‘एफ’ असेल तर दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेला. स्वस्तात मिळाला म्हणून आनंदून जाण्यापूर्वी हे एक अक्षर पाहून घ्यावे.

सिमचा खण

सध्या सर्वाधिक फसगत होते ती सिमकार्डाच्या बाबतीत. ॲपल कंपनीने २०२२ मध्ये आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या संचांतून सिमचा खणच काढून टाकला. तेथे केवळ ई-सिम चालते, म्हणजे कार्डाऐवजी कंपनीकडून संचातच उतरवून घेतलेली नोंद. तोवर हा प्रश्न अमेरिकेपुरता होता. २०२५ मधील आयफोन १७ पासून मात्र संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहारीन, जपान, कॅनडा आणि मेक्सिको या देशांतील संचांतही हा खण राहिला नाही. आपल्याकडची बहुतेक मंडळी ज्या देशांतून संच आणतात, तेच हे देश. याउलट भारत, ब्रिटन व सिंगापूरमधील आयफोन १७ मध्ये एक प्रत्यक्ष सिम आणि ई-सिम दोन्ही चालतात. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अनेक आयफोनमध्ये दोन प्रत्यक्ष सिमची सोय असते. ‘आयफोन एअर’ हा संच तर सर्वत्र ई-सिमवरच चालतो.

जिओ, एअरटेल व व्ही या कंपन्या ई-सिम देतात, त्यामुळे असा संच येथे निरुपयोगी ठरतो असे नाही. अडचण वेगळी आहे. ऐन सुगीत संच पाण्यात पडला, तर आजवर टाचणीने खण उघडून कार्ड जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालता येत असे. ई-सिमला ती मुभा नाही. दुसरा संचही ई-सिमचा हवा, जवळ इंटरनेट हवे आणि कंपनीकडे पुन्हा नोंदणी हवी. शिवाय सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास लघुसंदेश रोखले जातात. यूपीआयची नोंदणी ही त्याच क्रमांकावरून जाणाऱ्या लघुसंदेशावर अवलंबून असल्याने तेवढा काळ बँकेचे व्यवहारही अडतात. ज्या घरात वडिलांच्या एकाच क्रमांकावर बँक, साखर कारखान्याचे संदेश आणि गॅसची नोंदणी चालते, तेथे प्रत्यक्ष सिमचा खण असलेला संचच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संच एखाद्या दूरसंचार कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला असल्यास तो त्या कंपनीपुरता कुलूपबंद असू शकतो. कॅनडाने २०१७ मध्ये, तर जपान आणि ब्रिटनने २०२१ मध्ये अशा कुलूपबंद विक्रीला आळा घातला. अमेरिकेत ही पद्धत अद्याप रूढ आहे, म्हणून तेथून घेताना ‘अनलॉक्ड’ हा शब्द पावतीवर पाहावा. काही अँड्रॉइड संचांच्या खोक्यावर, पहिल्यांदा त्याच प्रदेशातील सिम घालून सुरू करावा, अशी बारीक अक्षरांतील सूचना असते. ती सूचना विमानात बसण्यापूर्वी पाळायची असते.

मनोरा आणि शिवार

गावठाणात बहुतेक संच चालतात. परीक्षा होते ती वस्तीवर आणि रानात. रेडिओ लहरींची वारंवारता जितकी कमी, तितकी ती दूर पोहोचते आणि भिंतींतून आत शिरते. जिओची ४जी सेवा ३, ५ आणि ४० या क्रमांकांच्या पट्ट्यांवर चालते. त्यांतील ५ क्रमांकाचा, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झचा पट्टा लांबवर पोहोचणारा. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओने घेतला. ५जीमध्ये त्याला एन-२८ म्हणतात, तर अधिक वेगाचा पण कमी पल्ल्याचा पट्टा एन-७८ हा होय. परदेशी दूरसंचार कंपन्यांसाठी बनलेल्या स्वस्त अँड्रॉइड संचांत यांतील एखादा पट्टा गाळलेला असू शकतो. मॉडेल क्रमांकासमोर पट्ट्यांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेली असते. ती पाच मिनिटांत पडताळता येते.

जिओचे २जी वा ३जी जाळे नाहीच. तेव्हा साधे बोलणेही ४जीवरूनच होते, आणि त्यासाठी लागणारी ‘व्होएलटीई’ सोय परदेशी संचात आपल्या कंपनीसाठी सुरू असावी लागते. ती नसेल तर इंटरनेट चालते, फोन मात्र लागत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने जीपीएस आणि कॅमेरा ही चैन उरलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र स्थाननोंदीसह पाठवायचे असते. सातबाऱ्यावरील पीक यातून लागते. कॅमेरा किती मेगापिक्सलचा, यापेक्षा रानात स्थान अचूक व लवकर सापडते का आणि भर उन्हात पडदा दिसतो का, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

आता भाषेविषयी. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या २०१६ च्या मानकानुसार येथे विकल्या जाणाऱ्या संचांत आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा वाचता याव्या लागतात, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे लागते. परदेशात विकलेल्या संचाला हे बंधन नाही. चीनमधील बाजारासाठीच्या संचांत तर गूगलच्या सेवाही आधीपासून नसतात. दुकानातच ‘मोहोळ’, ‘ॲप’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. ‘ळ’, ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ नीट उमटले की मराठीचा प्रश्न बव्हंशी मिटला. संकटकाळी मदत मागण्याचे ‘पॅनिक बटण’ १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकायच्या संचांवर बंधनकारक झाले. परदेशी संचात ११२ हा क्रमांक घाईच्या यादीत आपणच नोंदवून ठेवावा.

काही देशांच्या लकबी मजेशीर आहेत. जपान व दक्षिण कोरियातील संचांत छायाचित्र घेताना होणारा आवाज सहसा बंद करता येत नाही. अमिरातीत विकलेल्या आयफोनमध्ये अनेक वर्षे फेसटाइम ही सोयच नव्हती.

आणि रंग

एवढे जमले की रंगाकडे वळावे. रंग गौण असला तरी सोलापूर जिल्ह्यात तो अगदीच शोभेचा विषय नाही. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो, तर ॲपल आपले आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावेत असे सांगते. गडद पाठ उन्हात अधिक उष्णता शोषते. गाडीच्या काचेमागे ठेवलेला काळा संच लवकर तापतो आणि तापल्यावर पडदा मंदावतो, चार्जिंग थांबते. काळ्या रानात काळा संच पडला तर शोधताना होणारी दमछाक वेगळीच. फिकट, चंदेरी किंवा भडक रंग येथे सोयीचा. २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये आलेला नारिंगी रंग आपल्याकडे अनेकांना भगव्याच्या जवळचा वाटला, तो मातीत चटकन दिसेल हे खरेच! अर्थात वरून जाड कव्हर चढवायचे असेल, तर रंगासाठी जास्तीचे पैसे मोजणे व्यर्थ होय.

आणखी एक व्यावहारिक बाब. काही रंग ठरावीक देशांतच किंवा केवळ कंपनीच्या संकेतस्थळावर विकले जातात. पाठीची काच फुटल्यावर तोच रंग सोलापूरच्या सेवा केंद्रात मिळेल, याची शाश्वती नसते. वॉरंटीही अनेक कंपन्या विक्रीच्या देशापुरतीच देतात. तेव्हा सर्वत्र विकला जाणारा रंग निवडणे शहाणपणाचे.

हिशेब

परदेशी संच स्वस्त का वाटतो? भारतात भ्रमणध्वनीवरील जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. अमिरातीत मूल्यवर्धित कर ५ टक्के, आणि अमेरिकेतील फलकावरच्या किमतीत विक्रीकर धरलेलाच नसतो. तो राज्याप्रमाणे देयकात मिळवला जातो. मात्र नवा संच सामानातून आणताना सीमाशुल्काचा विचार हवा. २०१६ च्या बॅगेज नियमांत आखात, युरोप, अमेरिकेतून येणाऱ्या भारतीय प्रवाशास ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंची सूट होती आणि त्यापुढील रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क पडत असे. या हिशेबाने १ लाख १० हजारांच्या संचावर ६० हजारांवरील शुल्क २३,१०० रुपये होते. पती-पत्नींची सूट एकाच वस्तूसाठी एकत्र करता येत नसे. सूट व दर बदलत असल्याने निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडे पाहावेत, आणि मगच येथल्या दुकानातील भावाशी तुलना करावी. कित्येकदा फरक पाच-सात हजारांचाच उरतो आणि वॉरंटी हातची जाते.

संच हाती आल्यावर *#०६# दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. ‘केवायएम’ लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ वर पाठवल्यास संचाची नोंद कळते. मूळ पावती जपून ठेवावी. संच चोरीस गेल्यास दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तो बंद पाडण्यासाठी पोलिसांकडील तक्रारीच्या प्रतीबरोबर ही पावतीही लागते.