घरासमोरचा रस्ता कुणाचा? पेडणे-डिचोलीतलं पार्किंग आणि कायदा

पेडणे, डिचोली किंवा साखळीतल्या एखाद्या जुन्या वाड्यातून रात्री आठनंतर चालून बघा. एका बाजूला ओळीने गाड्या, दुसऱ्या बाजूला गटार आणि मधे जेमतेम वाट. नंबरप्लेटही वाचत जा: जीए, एमएच ०७, केए २२, शिवाय काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या. रहिवाशांची तक्रार सगळीकडे सारखीच आहे. दारात गाडी लावायला जागा नाही, आणि कधी कधी दारातली गाडी बाहेर काढायलाही नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा आता जवळपास तेवढाच झाला आहे. वाड्यांतले रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले, नंतर फक्त डांबर पडलेले. पेडण्यात मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. हरमल, मांद्रे, मोरजीत पर्यटकांच्या गाड्या आधीपासून होत्याच. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून कामाला येणारे आणि इथेच खोली घेऊन राहणारे वेगळे. डिचोलीची कहाणी निराळी. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा खनिजाचे ट्रक घरांसमोर, भाटात, रस्त्याकडेला उभे राहिले. कर्ज काढून घेतलेला ट्रक मालक तरी कुठे नेणार? त्यात बुधवारचा बाजार, नव्याचा सोमवार, पेडण्याची पुनव आणि चवथीला गावी येणारे चाकरमानी. त्या दिवसांत तर विचारूच नका.

गैरसोय एकवेळ सहन होते, खरी भीती वेगळी आहे. रस्ता चार मीटरचा धरा. त्यात पावणेदोन मीटर रुंदीची साधी कार कडेला लावली की उरतात सव्वादोन मीटर. अग्निशमन दलाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे एकाच गाडीमुळे बंब वाड्याच्या तोंडाशी अडकतो आणि पाइप ओढत पुढचं अंतर चालावं लागतं. १०८ ची रुग्णवाहिका शिरेल कदाचित, पण वळणार कुठे?

आता कायद्याचं. सार्वजनिक रस्त्याला लागून घर असलं म्हणून समोरची जागा घरमालकाची होत नाही. ‘माझ्या दारात दुसऱ्याने गाडी का लावली’ ही तक्रार तेवढ्यावर टिकत नाही. पण फाटक अडवलं असेल तर गोष्ट बदलते. घराच्या किंवा आवाराच्या प्रवेशावर, वळणावर, चौकाजवळ, शाळा-इस्पितळाच्या दारापुढे, बस थांब्याजवळ, फूटपाथवर आणि दुसऱ्या उभ्या गाडीला चिकटून दुहेरी पार्किंग करायला रस्ते नियमांत मनाई आहे. त्यासाठी वेगळी पाटी लागत नाही.

मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार बंदी असलेल्या ठिकाणी लावलेली, किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

लोक स्वतः रंगवून लावतात ती ‘नो पार्किंग’ची पाटी? तिला विनंतीपलीकडे किंमत नाही. अधिकृत बंदी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अधिसूचनेने होते. जागा राखायला दगड, टायर, कुंड्या मांडणारे तर उलट स्वतःच अडचणीत येऊ शकतात. रस्त्यात अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. हे सांगितलं की शेजारी चिडतात, पण आहे ते असं आहे.

रस्ता सार्वजनिक नसून खासगी भाटातून जाणारी पारंपरिक वाट असेल, तर पोलीस बहुधा हात वर करतात. तेव्हा मामलेदाराकडे जावं लागतं. गोव्यात त्यासाठी १९६६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, महाराष्ट्रात १९०६ चा. सिंधुदुर्गात असे अर्ज तहसीलदारांकडे जातात.

एमएच किंवा केए पाटीच्या गाडीला पार्किंगचे वेगळे नियम नाहीत. ‘बाहेरची गाडी’ हा गुन्हा नव्हे. मात्र गाडी बारा महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवणार असाल तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. अलीकडे आलेला दोडामार्गचा भाडेकरू आणि दहा वर्षं इथेच एमएच पाटीवर फिरणारा, यांत फरक करायला हवा.

मुळात गाडी घेतानाच जागा विचारावी, हा उपाय जपानने १९६२ मध्ये कायद्यात आणला. तिथे पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय कारची नोंदणी होत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये तशीच घोषणा केली. मुंबईत ठीक, पण ज्या जुन्या घराला अंगणच नाही त्या घरातल्या माणसाने कागद आणायचा कुठून? आमच्या मते आपल्याकडे आधी पालिकेने बाजाराजवळ रात्रीपुरती मोकळी जागा द्यावी आणि नव्या इमारतींच्या स्टिल्टमध्ये, जिथे आराखड्यात पार्किंग आहे, तिथे दुकानं-गोदामं होऊ देऊ नयेत. ते तपासण्याचं काम परवाना देणाऱ्यांचंच आहे.

तोवर फाटक अडलं असेल तर गाडीच्या नंबरसह वेळ दिसेल असा फोटो काढा, ११२ वर किंवा वाहतूक पोलिसांना कळवा. रोजचाच त्रास असेल तर वाड्यातल्या चार-पाच घरांच्या सह्यांनी पालिकेला किंवा पंचायतीला अर्ज द्या आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.