राजाचा केक आणि चार तारखा

हेडफोन नीट लावा, आजचा एपिसोड एका आवाजाने सुरू होतोय. कर्रर्र! ऐकलंत? खारी वाटली ना? खारी नाही, पण तिची चुलत बहीण म्हणा. हा आहे गॅलेट दे रुआ, म्हणजे राजांचा केक.

६ जानेवारीला बाळ येशूला भेटायला तीन राजे आले, असा हा सण. गोव्यात रेईस मागोसला आणि चांदरला याच राजांची मिरवणूक निघते. फ्रान्समध्ये, विशेषतः उत्तरेकडे, त्या दिवशी पफ पेस्ट्रीच्या दोन गोल चकत्यांमध्ये बदामाचं सारण भरून हा केक भाजतात. मी त्या सारणात माचा घातला, जपानचा हिरव्या चहाचा पावडर. फोटो बघून आईने विचारलं, "पालक आहे का गं?" आणि एका मित्राने मेसेज टाकला, "हे धड फ्रेंच नाही, धड जपानी नाही. ओरिजिनल काहीतरी कर."

म्हटलं, बघू या तरी ओरिजिनल कुठे सापडतं. शोधताना चार तारखा हाती लागल्या.

पहिली, ११९१. एइसाई नावाचा जपानी बौद्ध भिक्खू चीनमधून शिकून परत आला. सोबत झेन पंथाची शिकवण आणि चहाचं बी. तेव्हा चीनमध्ये साँग राजवट होती, आणि चहाची पूड गरम पाण्यात घुसळून प्यायची तिकडे पद्धतच होती. हुइझाँग नावाच्या सम्राटाने तर चहावर स्वतः पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे आज जो माचा आपण 'अस्सल जपानी' म्हणून विकत घेतो, त्याचं माहेर चीन आहे.

मग चीनमध्ये तो का उरला नाही? इथे येते दुसरी तारीख, १३९१. मिंग घराण्याचा पहिला सम्राट हाँगवू शेतकरी घरात जन्मलेला. दरबाराला नजराणा म्हणून चहाच्या दाबून केलेल्या वड्या पाठवाव्या लागत, त्यांत लोकांचे प्रचंड कष्ट जात. त्याने हुकूम काढला, वड्या बंद, सुट्या पानांचाच चहा पाठवा. हेतू चांगला होता, पण वड्या दळून, घुसळून पिण्याची रीत त्यानंतर तिथे मागे पडत गेली. समुद्रापलीकडे जपानच्या मठांमध्ये मात्र घुसळणं चालूच होतं. सर्व्हर बंद पडला, पण बॅकअप दुसऱ्या देशात होता!

तिसरी तारीख, १५९१. सेन नो रिक्यू या चहागुरूने चहापानाला साधेपणाची शिस्त दिली. त्याच्या चहाच्या खोलीचं दार इतकं बुटकं, की सामुरायलाही तलवार बाहेर ठेवून वाकूनच आत यावं लागे. त्याचा मालक होता हिदेयोशी, जपानचा सर्वेसर्वा. त्यानेच १५९१ मध्ये रिक्यूला आत्महत्येचा हुकूम दिला. नेमकं का, यावर आजही वाद आहेत. गुरू गेला, त्याची रीत त्याच्या वंशजांनी आजवर चालवली.

११९१, १३९१, १५९१. बरोबर दोनशे-दोनशे वर्षं! निव्वळ योगायोग, पण इंजिनिअरला पॅटर्न दिसला की राहवत नाही. मी १७९१ शोधायला गेले आणि सापडलं १७९३. दोन वर्षांचा बग.

२१ जानेवारी १७९३, पॅरिस. सोळाव्या लुईचं डोकं गिलोटिनखाली उडवलं. जिथे 'राजा' हा शब्दच जिवावर बेतू शकत होता, तिथे राजाच्या केकचं काय? त्याचं नाव बदललं, समतेचा केक! नाव बदललं, लोक खात राहिले.

आणि खरं तर नवं नावच त्याला जास्त शोभत होतं. कारण या केकच्या पोटात एक घेवड्याचा दाणा लपवलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून त्याच्या जागी चिनी मातीची छोटी बाहुली आली. घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाचा ते सांगतं, म्हणजे वशिला नको. दाणा ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा. रोमन लोकही सॅटर्नेलियाच्या सणात असाच नशिबाने राजा निवडत, आणि त्या दिवसांत मालक गुलामांना जेवायला वाढत. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या महालात मात्र १९७५ पासून भलामोठा गॅलेट येतो तो दाण्याशिवाय. प्रजासत्ताकात राजा कसा चालेल?

आता जरा स्वयंपाकघरात. पफ पेस्ट्री म्हणजे मैद्यात लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, फ्रिजमध्ये ठेवायची. असं सहा वेळा. तीनाचा सहावा घात, लोण्याचे ७२९ थर! भट्टीत पाण्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. मे महिन्यात पहिल्यांदा केलं तेव्हा लोणी वितळून ट्रेभर पसरलं होतं. जानेवारीच्या थंडीत जमलं. लाटताना आजीचे चिरोटे आठवले. साटा लावून पोळ्यांवर पोळ्या रचायच्या, गुंडाळी करायची, कापून लाटायच्या. युक्ती तीच.

माचाचं गणितही संयमाचंच. तोडणीआधी तीनेक आठवडे झाडांवर सावली धरतात, त्याने पानं गडद हिरवी होतात. वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यावर तासाला साधारण ४० ग्रॅम. हा रंग भट्टीत टिकत नाही, तपकिरी पडतो. म्हणून वरून नाही भुरभुरवला, आत सारणात घातला.

तर मित्रा, ओरिजिनल असं काही सापडलं नाही. सापडले ते हुकूम देणारे, आणि हुकमांनंतरही कुठेतरी दळत, घुसळत, लाटत राहिलेले हात.

शेवटची एक गोष्ट. फ्रान्समध्ये एक तुकडा जास्तीचा कापायची जुनी रीत आहे, दारात येईल त्या गरजूसाठी. आमच्या घरी सगळ्यांचे तुकडे संपले, दाणा म्हणून घातलेला अख्खा बदाम काही मिळाला नाही. म्हणजे तो उरलेल्या तुकड्यात होता. तो मी खाली वॉचमन काकांना नेऊन दिला. बरोबर पुठ्ठ्याचा मुकुटही.

काकांनी खाल्लं. म्हणाले, "खारीत गोड घातलंय होय? चांगलं झालंय." मग बदाम लागला. मी सगळी गोष्ट सांगितली, आज तुम्ही राजा.

काकांनी मुकुट डोक्यावर ठेवला, घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "मग आज राजाला सुट्टी का?"

त्यांची ड्युटी सकाळी आठपर्यंत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वर जाऊन चहा करून आणला. साधाच, आल्याचा.