निरोधक तंत्रिका कोशिका व स्मृतीशी निगडित लयी

मेंदूतील ज्या तंत्रिका कोशिका इतर कोशिकांचे उद्दीपन कमी करतात, त्यांना निरोधक तंत्रिका कोशिका म्हणतात. स्मृतीशी निगडित विद्युत् लयी घडविण्यात त्यांचा प्रमुख वाटा असतो, हे मात्र उशिरा उमगले.

इव्हान सेचेनॉव्ह यांनी १८६३ मध्ये बेडकाच्या मेंदूवर मिठाचा खडा ठेवून पायाची प्रतिक्षेपी क्रिया मंदावते, असे दाखविले. तेव्हापासून निरोधन म्हणजे निव्वळ लगाम, असा समज दीर्घकाळ टिकला. ते विद्युत् प्रवाहाने होते की रासायनिक द्रव्याने, याविषयीही तीव्र मतभेद होते. जॉन एक्लिस (१९०३–९७) हे विद्युत् पक्षाचे खंदे पुरस्कर्ते. तथापि १९५१ मध्ये डनीडिन (न्यूझीलंड) येथे मांजराच्या मेरुरज्जूतील कोशिकांत सूक्ष्म विद्युत् अग्र घालून केलेल्या मापनांतून रासायनिक पक्षच खरा ठरला आणि त्यांनी तो मोकळेपणाने स्वीकारला. असा प्रांजळपणा विज्ञानातही विरळाच. मेंदूत १९५० मध्ये आढळलेले गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल (गाबा) हे तेथील प्रमुख निरोधक द्रव्य असल्याचे पुढे निश्चित झाले.

लयींचा शोध वेगळ्या वाटेने लागला. युंग व कॉर्नम्यूलर यांना १९३८ मध्ये सशाच्या हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीस आवश्यक अशा भागात, एक मंद लय आढळली. तिला थीटा लय म्हणतात. उंदरात तिची आवर्तने दर सेकंदास सु. ४ ते १२ असतात. जोनाथन विन्सन यांनी १९७८ मध्ये सेप्टम या भागास इजा करून ती नाहीशी केली, तेव्हा उंदरांना आधी शिकलेली जागा सापडेना.

या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. सेप्टममधील गाबायुक्त कोशिका हिपोकॅम्पसमधील निरोधक कोशिकांचेच निरोधन करतात, असे फ्रॉइंड व अंतल यांनी १९८८ मध्ये दाखविले. एक निरोधक कोशिका हजाराहून अधिक प्रसूच्याकार कोशिकांना जोडलेली असते. तिच्या स्पंदांनी त्या गप्प होतात व निरोधन ओसरताच जवळजवळ एकाच वेळी प्रस्फुरित होतात, हे १९९५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. म्हणजे थांबविणारी कोशिकाच वेळ जुळविते.

तरीही लय स्मृतीचे कारण की केवळ सहचारी, हा प्रश्न उरलाच. कारण सेप्टमला इजा केल्यास इतर कार्येही बिघडतात. २०१६ मध्ये प्रकाशसंवेदी प्रथिनाच्या साहाय्याने उंदरांच्या सेप्टममधील गाबायुक्त कोशिका फक्त स्वप्ननिद्रेत शांत करण्यात आल्या. थीटा लय क्षीण झाली व नंतरच्या चाचणीत जागा बदललेली वस्तू त्यांना ओळखता आली नाही. हीच क्रिया इतर वेळी तेवढाच काळ केली असता स्मृती शाबूत राहिली.