पाण्यामागचा पैसा : प्रस्तावना

सार्वजनिक पाणीपुरवठा आणि मलनिःसारण या विषयाकडे वाचक निरनिराळ्या वाटांनी येतात. कुणी स्थापत्य अभियांत्रिकी शिकून येतो. नलिकेचा व्यास, पाण्याचा दाब, पंपाची अश्वशक्ती ही त्याची रोजची भाषा असते. कुणी साथरोगांच्या अभ्यासातून येतो. कुणी नगरसेवक म्हणून निवडून येतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात हंडा मोर्चा दारात आल्यावर या विषयात ओढला जातो. या सगळ्यांचे इथे स्वागत आहे. विनंती एवढीच की, आपापल्या विद्येबरोबर जमाखर्चाची वहीही जवळ ठेवावी. ती नसेल तर भारतातील पाण्याच्या सेवांबद्दलचे सर्वांत साधे प्रश्नही उकलत नाहीत : धरण भरलेले असताना नळाला दिवसाआड पाणी का येते, आणि शुद्धीकरण केंद्र उभे असताना मैला नदीत का जातो.

या सेवांसाठीचा पैसा शेवटी दोनच खिशांतून येतो : पाणी वापरणाऱ्याच्या आणि कर भरणाऱ्याच्या. कर्ज, कर्जरोखे, खासगी भागीदाराची गुंतवणूक या मार्गांनी पैसा लवकर हाती येतो इतकेच. त्याची फेड पुन्हा त्याच दोन खिशांतून व्हायची असते. तरीही पैसा कोणत्या वाटेने आला याने फार फरक पडतो. अनुदानाचा ओढा बांधकामाकडे असतो. पाणीपट्टी दैनंदिन चालवणुकीशी बांधलेली असते. कर्ज शिस्तशीर हिशेब मागते. सेवा कशी मिळणार हे यांच्या प्रमाणावरून बरेचसे ठरते. पुढील सर्व प्रकरणांमागे हेच सूत्र आहे.

सार्वजनिक पैशाचे पाणी ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबईत विहार तलावाचे पाणी आले ते १८६० साली. तोवर शहराची तहान भागत होती ती विहिरींवर आणि धनिकांनी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या तलावांवर. फ्रामजी कावसजींनी डागडुजी केलेला धोबी तलाव त्यांपैकीच एक. दानाच्या पाण्यावर दात्याची मर्जी चालते, आणि जातीची बंधनेही. कराच्या पैशाने पाणी आले की हक्काचा प्रश्न उभा राहतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव या दृष्टीने मुळातून वाचावा. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत, अशी त्याची मांडणी होती. महाड नगरपालिकेने पुढे तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्यावर जावे लागले. समतेच्या इतिहासातले हे पान पाण्याच्या अर्थकारणाचेही आहे. पैसा सर्वांचा असेल तर पाणी सर्वांचे, हा युक्तिवाद तिथे पहिल्यांदा इतक्या ठामपणे उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर जबाबदारी आणि पैसा यांची फारकत झाली. पाणी हा राज्यसूचीतला विषय. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतरच्या अकराव्या आणि बाराव्या अनुसूचीनुसार पिण्याचे पाणी आणि स्वच्छता ही ग्रामपंचायती व नगरपालिकांकडे सोपवायची कामे आहेत. पैशाचे मोठे झरे मात्र केंद्राकडे आणि राज्याकडे. नागरी संस्थांच्या तुटपुंज्या उत्पन्नाचा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्राचे मंत्री रफिक झकेरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ मध्येच तो सविस्तर मांडला होता. आपल्या शहरांना दीर्घकाळ जकातीने तारले. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही गेली. आज बहुतेक नगरपालिकांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे घरपट्टी आणि पाणीपट्टी हे दोनच मुख्य मार्ग उरले आहेत, आणि निवडणूक जवळ आली की या दोन्हींना कुणी हात लावत नाही.

मग उरते अनुदान. २०१५ची अमृत योजना ५०० शहरांसाठी होती; २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा सर्व नागरी संस्थांपर्यंत नेण्यात आला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हा ग्रामीण भारतात ३.२३ कोटी घरांत नळ होता. आता ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. हे यश मोठे आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण माणशी रोज ५५ लिटरचे वचन पाळायचे तर नळ बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पंपाचे वीजबिल, तुरटी, क्लोरीन, फुटलेली नलिका आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार हे खर्च सुरू होतात. वीजबिल थकून बंद पडलेल्या नळयोजना महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला, तो ही अडचण ओळखूनच.

बांधण्याचा आणि चालवण्याचा खर्च एकमेकांशी कसा तोलायचा, याचा एक मोठा हिशेब २०११ मध्ये इशर जज अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने मांडला. २०१२ ते २०३१ या वीस वर्षांत नागरी पायाभूत सेवांसाठी ३९.२ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक लागेल, त्यात पाणीपुरवठ्याला सुमारे ३.२ लाख कोटी आणि मलनिःसारणाला सुमारे २.४ लाख कोटी, असा तो अंदाज होता, २००९-१०च्या किमतींत. त्याच अहवालात देखभाल आणि चालवणुकीसाठी आणखी जवळपास २० लाख कोटी रुपये धरले होते, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. बांधणीवरच्या दर दोन रुपयांमागे चालवणुकीचा एक रुपया! भूमिपूजनाला पहिले दोन रुपये मिळतात. तिसरा कुठून आणायचा, ही या शास्त्राची खरी परीक्षा आहे.

त्याचे सरळ उत्तर पाणीपट्टी. पण आपल्याकडची पाणीपट्टी अनेक ठिकाणी पाण्याशी संबंधच राखत नाही. अर्ध्या इंचाच्या जोडणीला वर्षाची ठरावीक रक्कम, मग नळाला वीस मिनिटे पाणी येवो की दोन तास. मीटर नाही म्हणून वापर कळत नाही, वापर कळत नाही म्हणून गळती कळत नाही, आणि गळती कळत नाही म्हणून नवे धरण मागितले जाते. खंडित पुरवठ्याचा तोटा इथेच थांबत नाही. नलिका रिकामी पडली की आजूबाजूच्या गटाराचे पाणी सांध्यांतून आत शिरते. सुखवस्तू घरे जमिनीखाली टाकी बांधतात, मोटार लावून पाणी ओढतात, वर गाळणयंत्र बसवतात. ज्यांच्याकडे यातले काही नाही ते टँकरवाल्याला प्रतिलिटर अनेक पट दाम मोजतात. पाणी स्वस्त ठेवल्याचा लाभ प्रामुख्याने ज्याच्याकडे नळ आहे त्यालाच होतो, आणि नळ सर्वांकडे नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांचाही पाण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा हाच अन्याय समोर होता. त्याची दुसरी बाजू शहापूर तालुक्यात दिसते. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा जलाशय तिथे आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही तिथेच आहेत.

चोवीस तास पाणी ही चैन नव्हे, हे दाखवणारी उदाहरणे या पुस्तकात तपशिलाने येतात. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर लावून वापराच्या टप्प्यांनुसार वाढते दर ठेवले. कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या काही भागांत हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये ओडिशातील पुरीने थेट तोटीचे पाणी पिण्याजोगे असल्याचे जाहीर केले. नागपूरने चालवणुकीसाठी खासगी कंपनीबरोबर दीर्घ मुदतीचा करार केला. लातूरमध्ये तशाच प्रयत्नाला कडवा विरोध झाला. या वादांत वाचकाने घाईने बाजू घेऊ नये. करारात गळतीचे लक्ष्य कुणी ठरवले, ते मोजतो कोण, आणि दर वाढवण्याचा अधिकार कुणाकडे राहिला, एवढे तीन प्रश्न विचारले तरी सरकारी विरुद्ध खासगी हे भांडण पुष्कळसे शांत होते. नोम पेन्ह या कंबोडियाच्या राजधानीची पाणीसंस्था सार्वजनिकच राहिली, आणि तिचे प्रमुख एक सोन चान यांच्या कारकिर्दीत तिने वाया जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वरून एक अंकी आकड्यावर आणले.

कर्जाचा इतिहास तुलनेने लहान आहे, पण बोधप्रद आहे. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे कर्जरोखे काढले ते पाणी आणि मलनिःसारणासाठीच. त्याआधी तिला जकातवसुली सुधारून तुटीतून बाहेर यावे लागले होते. लहान गावांना एकट्याने बाजारात जाणे परवडत नाही, म्हणून तामिळनाडूने २००२ मध्ये १३ लहान नागरी संस्थांची मोट बांधून एकत्रित रोखे काढले. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी उभे केले. काम मात्र वेळापत्रकाच्या मागे पडले, आणि पैसा उभा करणे व तो खर्चण्याची क्षमता असणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसले. इंदूरच्या २०२३च्या हरित रोख्यांचे वेगळेपण असे की, त्यांतला पैसा नर्मदेचे पाणी उपसण्याचे वीजबिल कमी करणाऱ्या सौर प्रकल्पासाठी आहे. कर्ज काढून चालवणुकीचा खर्चच घटवायचा, हा विचार इतर शहरांनी अभ्यासण्याजोगा आहे.

सांडपाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१. चालू स्थितीतली २६,८६९. आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर, म्हणजे जेमतेम २८ टक्के. विद्यार्थ्यांनी हे चार आकडे शेजारी मांडून पाहावेत. पहिल्या आणि दुसऱ्यातले अंतर भांडवलाच्या टंचाईचे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातले, बांधून बंद पडलेल्या केंद्रांचे. तिसऱ्या आणि चौथ्यातल्या अंतराकडे सहसा लक्ष जात नाही : केंद्र चालू आहे, पण घराघरांतून तिथवर गटारवाहिनीच पोचलेली नाही. केंद्राला निधी मिळतो. गल्लीतली जोडणी कुणाच्याच खात्यात बसत नाही.

यामागे एक साधे कारण आहे. पाण्याचा लाभ पट्टी भरणाऱ्याला मिळतो, शुद्धीकरणाचा लाभ मात्र खालच्या गावाला. पंचगंगेवर वरच्या अंगाला कोल्हापूर आणि खाली इचलकरंजी आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न अधिकच ऐरणीवर आला. अशा ठिकाणी केवळ वापरणाऱ्याकडून वसुली करून भागत नाही. कराचा पैसा आणि कायद्याचा धाक दोन्ही लागतात. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या पाच वर्षे आधी. तरीही मुंबईच्या सात मोठ्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची कामे अलीकडेच सुरू झाली आहेत, यावरून कायद्याला निधीची जोड किती उशिरा मिळते ते कळते.

आशेच्या जागाही आहेत. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला विकले जाते; तेवढे गोडे पाणी शहरासाठी वाचते आणि महापालिकेला उत्पन्न मिळते. वाईसारख्या लहान गावाने गटारवाहिन्यांची वाट न पाहता सेप्टिक टँक ठरावीक काळाने उपसण्याचे वेळापत्रक आखले आणि त्याचा खर्च स्वच्छता कराशी जोडला. इथेच आणखी एक हिशेब येतो. हाताने मैला उपसण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. आपल्या शहरांचे मलनिःसारण इतकी वर्षे स्वस्त राहिले, कारण त्याची खरी किंमत काही ठरावीक जातींतल्या माणसांनी जिवाने भरली. यंत्रांचा, प्रशिक्षणाचा आणि रास्त वेतनाचा खर्च न धरणारा कोणताही अंदाज अपुरा मानावा.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे : आधी हक्क आणि जबाबदारी, मग अनुदान, पट्टी आणि कर्ज, आणि शेवटी सांडपाणी, कारण तिथे या तिन्हींची कसोटी लागते. अभियंत्यांनी सूत्रे नाहीत म्हणून नाराज होऊ नये, आणि अर्थशास्त्रज्ञांनी नलिकांची वर्णने गाळू नयेत.

वाचन सुरू करण्याआधी एक काम करावे. आपल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा गेल्या वर्षीचा अर्थसंकल्प मिळवावा. त्यातून चार आकडे काढावेत : पाणीपट्टीची मागणी, तिची प्रत्यक्ष वसुली, पाणीयोजनेचे वीजबिल आणि दुरुस्तीवरचा खर्च. सांडपाण्यावरचा खर्च वेगळा दाखवला आहे का, तेही पाहावे. वसुलीतून वीजबिल भागत नसेल, तर गावाला नवी योजना मंजूर झाल्याची बातमी वाचताना काय विचारायचे ते तुम्हाला कळलेले असेल. पुढच्या प्रकरणांत मिळतील ती हा प्रश्न अधिक नेमका करण्याची साधने. तो ग्रामसभेत आणि सभागृहात विचारण्याचे काम वाचकाचे आहे.