वजन कमी करताना किती कमी खायचं? कॅलरीच्या खालच्या मर्यादेविषयी

वजन कमी करायचं तर शरीर जेवढ्या कॅलरी खर्च करतं त्यापेक्षा कमी खावं लागतं, यात वाद नाही. प्रश्न असतो तो किती कमी खायचं याचा. लग्न दोन महिन्यांवर आलं, शुगरचा रिपोर्ट वाढलेला आला किंवा जुने कपडे होईनासे झाले, की अनेकजण थेट अर्ध्यावर येतात. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री सूप. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि उत्साह वाढतो. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो, चिडचिड सुरू होते आणि एके रात्री फरसाणाचा डबा रिकामा होतो.

असं का होतं आणि कमीत कमी किती खायला हवं, ते या लेखात पाहू. खाण्याच्या बाबतीत आपण ज्याला ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. इथेही तो शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

१,२०० हा आकडा कुठून आला?

डाएटच्या गप्पांमध्ये ‘दिवसाला १,२०० कॅलरी’ हा आकडा हमखास येतो. तो शंभरहून अधिक वर्षं जुना आहे. लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर महिलेने १९१८ साली ‘डाएट अँड हेल्थ’ हे पुस्तक लिहिलं आणि अन्नाकडे कॅलरींच्या हिशेबाने पाहायला सर्वसामान्य वाचकांना शिकवलं. वजन उतरवू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी तिने सांगितलेला आकडा १,२०० होता. पुस्तक प्रचंड खपलं आणि आकडा लोकांच्या तोंडी राहिला.

तो सगळ्यांना लागू पडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे २,११० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाचं काम असेल तर हेच आकडे २,१३० आणि २,७१० होतात. म्हणजे पाच फूट उंचीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या बाईंसाठी १,२०० हा काटकसरीचा पण निभावणारा आहार असू शकतो. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या नर्ससाठी किंवा पावणेसहा फुटी तरुणासाठी तो निम्म्याच्या आसपासचा उपास ठरतो. मैत्रिणीचा डाएट चार्ट जसाच्या तसा उचलण्यात हीच अडचण आहे.

कमी खाल्लं तर वजन वाढतं, हे खरं आहे का?

‘फार कमी खाल्लं की शरीर उपासमारीच्या मोडमध्ये जातं आणि चरबी साठवायला लागतं’ हे वाक्य जिममध्ये आणि व्हॉट्सॲपवर नेहमी ऐकू येतं. ते अर्धसत्य आहे. अर्धसत्यातला खरा भाग कोणता, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. युरोपात उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे समजून घेणं हा उद्देश होता. सुरुवातीला त्यांना दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी दिल्या. मग १९४५ मध्ये २४ आठवडे तो आहार सरासरी १,६०० कॅलरींच्या आसपास आणला. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं जेवण आणि आठवड्याला २२ मैल चालणं.

त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं. ते थांबलं नाही, वाढलं तर मुळीच नाही. त्यामुळे ‘कमी खाल्ल्याने चरबी साठते’ हे चूक. पण शरीराने खर्चही कापला. बसल्या जागी होणारा त्यांचा कॅलरी खर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. वजन घटल्यामुळे जेवढा उतरायला हवा होता, त्याहून हे जास्त होतं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, जिने चढायचा कंटाळा येऊ लागला. डोक्यात सतत अन्नाचाच विचार. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. प्रयोग संपून भरपूर खायला मिळाल्यावर वजन परत आलं, पण आधी चरबी आली आणि स्नायू मागाहून. काही काळ तर चरबी आधीपेक्षाही जास्त होती.

हे तरुण लठ्ठ नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. ज्याच्या अंगावर चरबीचा साठा आहे त्याचं शरीर इतक्या लवकर हातघाईवर येत नाही. पण दिशा तीच असते. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धा संपून सहा वर्षं झाल्यावरही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, आणि बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं.

मग काटा थांबतो का? पहिल्या आठवड्यातले दोन किलो बहुतांशी पाणी असतं. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर संपते, तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं. पुढे चरबी हळूहळू कमी होत असते, पण पाळीच्या आधी, खारट खाण्यानंतर किंवा नवा व्यायाम सुरू केल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं आणि चरबीची घट काट्यावर दिसत नाही.

दुसरं कारण ऐकायला जरा कडू आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दहा जणांची तपासणी झाली, ज्यांचं म्हणणं होतं की आम्ही १,२०० पेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही. त्यांच्या शरीराचा खर्च व्यवस्थित होता. ते प्रत्यक्षात नोंदीच्या जवळपास दुप्पट खात होते. हे लोक खोटारडे नव्हते. फोडणीचं तेल, मुलांच्या ताटातला उरलेला घास, चहाबरोबरचं बिस्किट हे कुणाच्याच मोजणीत येत नाही.

आपला आकडा कसा काढायचा?

नुसतं जिवंत राहायला, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला जेवढ्या कॅलरी लागतात त्याला बीएमआर म्हणतात. तो काढायचं एक प्रचलित सूत्र असं: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. त्यातून स्त्रियांनी १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे.

समजा ३५ वर्षांची, १५५ सेंमी उंचीची, ६८ किलो वजनाची बाई आहे. ६८० अधिक ९६९, वजा १७५, वजा १६१, म्हणजे सुमारे १,३१०. बैठ्या कामासाठी याला १.४ ने गुणलं की दिवसाचा एकूण खर्च साधारण १,८४० येतो. हे सूत्र अमेरिकन लोकांवरून बनवलेलं आहे. भारतीयांचा खर्च सहसा त्याहून थोडा कमी भरतो, म्हणून ५ ते १० टक्के कमी धरा. तो आला १,६५० ते १,७५०.

यातून ३०० ते ४०० कॅलरी कमी केल्या की १,३५० ते १,४०० उरतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा या वेगाने महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरेल. जाहिरातींच्या तुलनेत हा आकडा अगदीच गरीब वाटतो, पण वर्षाला तो दहा किलोंच्या पुढे जाऊ शकतो. सूत्राचा आकडा अंदाजच असतो. तीन-चार आठवडे तसं खाऊन पाहावं आणि रोजच्या काट्याऐवजी आठवड्याची सरासरी बघून थोडं इकडे-तिकडे करावं.

ढोबळ नियम म्हणून स्त्रियांनी १,२०० च्या आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली स्वतःहून जाऊ नये. दिवसाला ८०० च्या आसपासचे आहार वैद्यकशास्त्रात वापरले जातात, मधुमेह आटोक्यात आणण्यासाठीही. पण तिथे ठरावीक पोषणमूल्यांची तयार पेयं असतात, औषधं बदलली जातात आणि डॉक्टरांची नजर असते. घरी काकडी खाऊन ८०० वर राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

ताटातून काय काढायचं, काय नाही

कॅलरी कमी करताना आपल्याकडे सगळ्यात आधी भात जातो, मग पोळी, मग डाळही पातळ होते. तेल मात्र तसंच राहतं. पोह्याच्या चमच्याने तीन चमचे तेल म्हणजे ३०० हून अधिक कॅलरी होऊ शकतात. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा सुमारे ७० चा. असे चार चहा म्हणजे दोन भाकऱ्या. कापायचं तर इथून कापावं, कारण यातून पोट भरत नाही.

प्रथिनं मात्र कापू नयेत. खाणं कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं, आणि पुरेशी प्रथिनं व आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम यांनी ते बरंच रोखता येतं. एरवी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन उतरवताना १ ते १.२ ग्रॅमपर्यंत घ्यावीत असं सुचवलं जातं. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. शाकाहारी मराठी ताटात हे सहज होत नाही, मुद्दाम करावं लागतं.

सुमारे १,४५० कॅलरींचा एक दिवस असा दिसतो. सकाळी एक चमचा साखरेचा चहा आणि ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी. दुपारी दोन लहान ज्वारीच्या भाकऱ्या, बेताच्या तेलाची भाजी, वाटीभर घट्ट उसळ, दह्यातली कोशिंबीर आणि ताक. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि चहा. रात्री वाटीभर भात, आमटी, भाजी आणि ५० ग्रॅम पनीर. प्रथिनं ५५ ते ६० ग्रॅम होतात. पनीरच्या जागी दोन अंडी किंवा मासळीचा तुकडा चालेल. यात उपाशीपण फारसं नाही, हे महत्त्वाचं. भात आहे, भाकरी आहे, आणि घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

उपासाचा दिवस वजनासाठी मोजायचा असेल तर साबुदाणा खिचडीकडे नीट पाहावं. ६० ग्रॅम साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप धरून एका प्लेटमध्ये ४५० च्या आसपास कॅलरी जातात. त्यातली प्रथिनं जवळपास सगळी दाण्यांची असतात. उपास करावा, पण तो डाएट आहे असं समजू नये.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचलेली दोनदाच जेवायची पद्धत अनेकांना मानवते, कारण मधलं चरणं बंद होतं. तिच्यात अट एकच, ती दोन जेवणं खरंच पूर्ण जेवणं हवीत. दोन वेळा आणि तेही अर्धपोटी, असं केलं की आपण वर सांगितलेल्या मर्यादेच्या खाली सहज जातो.

कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

भूक हे एकच लक्षण धरू नका, ती कधीकधी मरूनच जाते. इतरांना पंखा हवा असताना थंडी वाजणं, उठल्यावर चक्कर, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, व्यायामातलं वजन आठवड्यागणिक कमी उचललं जाणं या खुणा आहेत. केस मूठभर गळायला लागतात ते बहुधा दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे डाएटशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. पाळी लांबली किंवा थांबली तर ती सगळ्यात ठळक खूण. शरीर गर्भधारणेचा खर्च परवडत नाही असं ठरवतं, आणि असं बरेच महिने चाललं तर हाडंही ठिसूळ होतात. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर ती ॲसिडिटी समजून अंगावर काढू नये.

यापैकी काही दिसलं तर एकदम जुन्या आहाराकडे जाण्याची गरज नसते. दिवसाला २०० कॅलरी वाढवून दोन आठवडे पाहावं, शक्यतो डाळ, अंडी, दही, दाणे यांच्या रूपात. पाळी थांबली असेल तर मात्र थेट डॉक्टर.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढीच्या वयातल्या मुलामुलींनी कॅलरी मोजून डाएट करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्यावा, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हल्ली भूक मारणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांना खाण्याची इच्छाच होत नाही आणि दिवस ६००-७०० कॅलरींवर निघून जातो. त्यांनी भुकेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे जेवावं, आणि ताटातलं आधी प्रथिनांचं संपवावं.

खाल्ल्यावर अपराधी वाटणं, लपून खाणं, खाल्लेलं ओकून काढणं किंवा वजन पुरेसं कमी होऊनही ‘अजून थोडं’ म्हणत राहणं, इथे आहारतज्ज्ञाच्या चार्टने काम होत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागतं, आणि जितकं लवकर जाल तितकं बरं होणं सोपं जातं.