उजाडेपर्यंतचा खेळ

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी सोंगाड्या पार्ट्यांचा खेळ रात्रीची जेवणे उरकल्यावर उभा राही आणि कोंबडा आरवल्यावर थांबे. खेळ एवढा लांब का, याचे उत्तर कथानकात शोधू नये. पाड्यापाड्यांवरून पायी आलेली माणसे मध्यरात्री डोंगरवाटेने परतणार कशी? त्यांना उजाडेपर्यंत थांबणे भाग, म्हणून खेळही उजाडेपर्यंत.

शहरातील संगीत नाटकालाही रात्र पुरत नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा सात अंकांपैकी पहिले चारच झाले. पुढे बालगंधर्वांच्या पदाला 'वन्समोअर' मिळाला, की तेच पद पुन्हा; घड्याळ पाहतो कोण!

१९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला आणि प्रेक्षकाला थोड्या पैशांत, थोड्या वेळात गोष्ट पुरी होण्याची सवय लागली. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. त्यात पदे मोजकी, प्रवेशांची गर्दी नाही. पुढे मुंबईकराला शेवटची लोकल गाठायची असे. पाचाचे तीन अंक झाले, तिनाचे दोन.

खेड्यातील रात्र मात्र कायद्याने आखूड केली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरील ध्वनिक्षेपक बंद केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन अधिक दृढ केले. आजाऱ्याच्या झोपेचा विचार करता त्यात गैर काही नाही. परंतु सारंगखेड्यासारख्या यात्रेतील तमाशाचा क्रम पाहा : गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. वेळ अपुरा पडला की कात्री वगालाच लागते, म्हणजे कथेलाच. गाणी उरतात.

आपल्या उपासनेलाही हे चुकलेले नाही. पास्काचे जागरण कित्येक शतके शनिवारी सकाळीच उरकले जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये ऐच्छिक म्हणून आणि १९५६ पासून सर्वत्र ते पुन्हा रात्री आणले. पण त्याच सुधारणेत बारा भविष्यवाचनांची चार झाली. १९७० च्या मिस्साग्रंथाने जुन्या करारातील सात वाचने दिली आणि गरजेप्रमाणे ती कमी करण्याची मुभाही ठेवली. सातही घेतली, तर चौथ्या वाचनाच्या सुमारास कोणी ना कोणी मनगटाकडे पाहतोच. कधी कधी तो वेदीपाशी उभा असतो.